वाचकांचे प्रश्न : अभ्यासाला बसवतच नाही, काय करू?

दिवाळीची सुट्टी संपली की येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी मैत्री, घरच्यांशी वाद, लग्न, नोकरी असं सगळं असतं, पण नोव्हेंबर लागला की एकच, 'ताई, अभ्यास करायचाय, कळतंय सगळं, पण होतच नाहीये.' या वेळी अशी भरपूर पत्रं आलीयेत, त्यातली चार घेतेय. पहिलं जवळजवळ पूर्ण देतेय, कारण ते वाचताना बऱ्याच जणांना वाटेल की हे आपणच लिहिलंय की काय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. गाव अंबाजोगाईजवळ, दहावीपर्यंत मराठी मीडियम. बारावीला मार्क चांगले पडले म्हणून घरच्यांनी कर्ज काढून इकडे पाठवलं. सेकंड इयरला एम-थ्री, म्हणजे मॅथ्सचा तिसरा पेपर, राहिला. आता तो बॅकलॉग आणि या सेमचे पाच सब्जेक्ट. रोज ठरवतो की आज मेसवरून आलो की बसायचं. रूमवर आम्ही चौघं, कॉट बेसिसवर. कॉटवर पुस्तक घेऊन बसतो, उघडलं की पोटात गोळा येतो आणि हात मोबाईलकडे जातो. मग वाटतं ११ ला बसू, मग १२ ला, मग वाटतं आता झोपू आणि पहाटे उठू. पहाटे काही उठणं होत नाही. दोन महिने झाले असंच चाललंय. दिवाळीला घरी गेलो तर वडील शेजाऱ्यांना सांगत होते की पोराचं आता एकच वर्ष राहिलंय, मला तिथे बसवेना, उठून रानात निघून गेलो. मी आळशी आहे का? दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन काढायला दिवसभर वाकलो होतो, तेव्हा नाही आला आळस. मग इथेच का येतो?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच शेवटी देऊन टाकलंयस. जो मुलगा उन्हात दिवसभर सोयाबीन काढतो तो आळशी नसतो रे. आळशी माणसाला काम न करता बरं वाटतं, आरामात असतो तो. तू रात्री बारा वाजता मोबाईल बघत असतोस तेव्हा आरामात असतोस का? अजिबात नसतोस, तुझ्या डोक्यात एम-थ्री चालूच असतो. म्हणजे कष्ट पण होतायत आणि अभ्यास पण होत नाहीये.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात टिमथी पिचिल नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी विद्यार्थ्यांच्या चालढकलीवर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी आणि फ्युशिया सिरॉय यांनी २०१३ मध्ये हे नीट मांडलं की चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन चुकणं नाही, ती मनातल्या नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका आहे. तू लिहिलंयस ना की पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो, तर मोबाईल हातात घेतला की तो गोळा तेवढ्यापुरता जातो. मेंदूला कळतं की अरे, हे केलं की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो परत तेच करायला लावतो आणि गोळा मात्र रोज थोडा मोठा होत जातो. म्हणून टाइमटेबल करून, रंगीत पेनांनी चार्ट काढून भिंतीवर चिकटवून तुझ्यासारख्या मुलांचं काही होत नाही, कारण टाइमटेबलमध्ये गोळ्याचा विचारच नसतो.

मी २२ वर्षं कॉलेजात शिकवलंय, सबमिशनच्या आठवड्यात स्टाफरूमबाहेर जर्नल घेऊन उभ्या असलेल्या रांगा बघितल्यात. त्यावरून एक गोष्ट मी अगदी खात्रीने सांगते, मुलं अख्खं काम टाळत नाहीत. त्या कामात एक जागा असते, तिथे ती बिचकतात, आणि त्या एका जागेपायी सगळं काम लांब ढकलतात. एका मुलीची जर्नल महिनोन्‌महिने अपूर्ण असायची, ती हुशार, अक्षर सुंदर, सगळे म्हणायचे बेफिकीर आहे. शेजारी बसवून विचारलं तेव्हा कळलं की तिला फक्त ग्राफचं स्केल कसं घ्यायचं ते समजत नव्हतं. एक एक्स अक्ष आणि एक वाय अक्ष! अर्धा तास लागला आम्हाला. पुढच्या सोमवारी नऊच्या नऊ प्रॅक्टिकल लिहून घेऊन आली.

तर तुझी ती जागा कुठली? मी लांबून अंदाज करतेय, चुकला तर कळव. तू लिहिलंयस 'दहावीपर्यंत मराठी मीडियम'. हे तू सहज लिहिलंयस पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. एम-थ्रीचं पुस्तक उघडलं की समोर जे इंग्लिश येतं ते बघून वाटतं की हे सगळं नवीन आहे, आपल्याला यातलं काहीच येत नाही. पण बघ, पुणे विद्यापीठाचा २०१९ चा पॅटर्न असेल आणि तुझी ब्रँच कॉम्प्युटर, मेकॅनिकल किंवा सिव्हिलसारखी असेल, तर सेमच्या शेवटच्या परीक्षेच्या, म्हणजे एंडसेमच्या, ७० मार्कांत स्टॅटिस्टिक्सचं युनिट येतं. त्याची सुरुवातच मीन, मीडियन, मोडने होते. मीन, मीडियन, मोड म्हणजे काय? मध्य, मध्यक, बहुलक! दहावीच्या बीजगणितात 'सांख्यिकी' म्हणून धडा होता तो. तू तो सोडवलायस, त्यावर मार्क मिळवलेस.

आता हे असं कर. पुस्तक उघडूच नकोस. एक कोरा कागद घे आणि चार रकाने आखून टाक, वर्ग, एक्स, एफ आणि एफ-एक्स. दहावीत वर्ग, वर्गमध्य, वारंवारता आणि त्यांचा गुणाकार असं लिहायचास, तेच आहे हे. कुठल्याही जुन्या पेपरमधले आकडे त्यात भर, एफ-एक्सची बेरीज कर, एफच्या बेरजेने भाग, मीन आला. बास. त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्याला पाचवा रकाना जोडायचा, एफ-एक्स-स्क्वेअरचा, म्हणजे एक्सचा वर्ग गुणिले एफ, त्याची बेरीज एफच्या बेरजेने भागायची, त्यातून मीनचा वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचं. ज्या 'स्टँडर्ड डेव्हिएशन' शब्दाला घाबरून तू पान उलटत होतास ते हे एवढंच आहे. तिथून पुढे मोमेंट्स आहेत, कोरिलेशन आहे, आणि सगळीकडे हाच तक्ता, फक्त रकाने वाढत जातात. दोन-तीन दिवसांत तुला कळेल की हा पेपर आपला आहे.

जागा आणि वेळ मात्र बदल. जेवण झाल्यावर, चार जणांच्या रूममध्ये, जिथे झोपतो त्याच कॉटवर बसून बॅकलॉगचा अभ्यास व्हायला हवा ही अपेक्षाच चुकीची आहे. शेवटचं लेक्चर संपलं की रूमवर जायचंच नाही, थेट लायब्ररीत नाहीतर अभ्यासिकेत जायचं, पेठांमध्ये तर गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. आणि नुसतं 'उद्यापासून' नाही म्हणायचं, कुठे, किती वाजता आणि पहिल्यांदा काय, हे तिन्ही लिहून ठेवायचं. हे मी मनाचं सांगत नाहीये. जर्मनीत पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रँडस्टॅटर यांनी विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या सुट्टीत एक छोटा रिपोर्ट ४८ तासांत लिहून पाठवायला सांगितलं होतं, त्यातल्या अर्ध्या जणांकडून फक्त एवढंच जास्तीचं लिहून घेतलं की तुम्ही तो कधी आणि कुठे बसून लिहिणार. ज्यांनी हे लिहून दिलं त्यांच्यातल्या चारातल्या तिघांनी रिपोर्ट पाठवला, बाकीच्यांमध्ये तीनातल्या एकानेच. १९९७ चा अभ्यास आहे हा, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट करायला लावायचे, बऱ्याच जणांना उपयोग व्हायचा.

अजून एक. गेले दोन महिने तू रोज रात्री स्वतःला शिव्या घालून झोपतोस असं तुझ्या पत्रावरून वाटतं. ते थांबव. तुला वाटत असेल की शिव्या घातल्या नाहीत तर आपण अजून सैल होऊ, तर तसं होत नाही. त्याच कार्लटन विद्यापीठात फर्स्ट इयरच्या ११९ मुलांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केलेल्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. साधं आहे ना, पुस्तक बघितलं की आपण किती नालायक हे आठवणार असेल तर कोण उघडेल ते पुस्तक?

आणि वडिलांना एम-थ्रीचं माहितीये का? तू लिहिलं नाहीस, पण ते बोलत असताना तुला बसवेना म्हणतोस त्यावरून वाटतं की नसावं. सांगून टाक बाबा. फोनवर नको, समोर बसून. मला कळतंय कर्जाचा विषय आहे, भीती वाटते, पण ते शेतकरी आहेत. पाऊस दगा देतो, पेरलेलं उगवत नाही आणि दुबार पेरणी करावी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला माहितीये? ते एक दिवस गप्प बसतील, कदाचित ओरडतील. पण आज त्या पुस्तकावर एम-थ्रीपेक्षा जास्त वजन या लपवण्याचं आहे, ते उतरलं की मग उरेल तो फक्त एक पेपर.

प्रश्न : मी मुंबईत एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज बदलापूरहून येते. माझ्या रिसर्च प्रोजेक्टचा विषय गिरणगावातल्या खानावळी हा आहे, आवडीने घेतलाय. जुन्या खानावळवाल्या आजींच्या तीन मुलाखती रेकॉर्ड केल्यात. पण गणपतीपासून मी गाइड मॅडमना भेटलेच नाही. आधी वाटलं थोडं लिहून मग जाऊ, मग लिहून झालं नाही, आता इतके दिवस झालेत की कुठल्या तोंडाने जाऊ? कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या तर मी दुसऱ्या जिन्याने जाते. फेब्रुवारीत सबमिशन आहे.
– बदलापूर

उत्तर : दुसऱ्या जिन्याने जाते हे वाचून मला गलबलून आलं. विषय किती सुंदर घेतलायस तू! ज्या बायकांनी गिरणीकामगारांना डबे करून घातले, ज्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या चुली एकेक करून थंडावत गेल्या, त्यातल्या तीन जणींचा आवाज तुझ्या फोनमध्ये आहे. आणि त्यांची वयं काय असतील याचा विचार कर. हे काम मार्कांच्या पलीकडचं आहे, ते अडकून राहू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

तुझं काय झालंय, उशीर झाला म्हणून लाज, लाज वाटते म्हणून अजून उशीर. यातून बाहेर यायला चॅप्टर लिहून होण्याची वाट बघू नकोस, तो लिहून होणार नाही. तीन ओळींचा मेसेज आज पाठव, हे वाचून झालं की लगेच :

'मॅडम नमस्कार. गणपतीनंतर मी भेटले नाही, लिहून झालं नव्हतं म्हणून यायला संकोच वाटत होता, सॉरी. तीन मुलाखती रेकॉर्ड झाल्यात, लिहायला सुरुवात कुठून करू ते कळत नाहीये. या आठवड्यात १५ मिनिटं भेटता येईल का?'

कारणं, आजारपण, घरचे प्रॉब्लेम काही जोडू नकोस. गाइड म्हणून सांगते, रिकाम्या हाताने आलेल्या मुलीचा राग येत नाही, गायब झालेल्या मुलीची काळजी वाटते. आणि समजा मॅडम रागावल्याच, तर दहा मिनिटं रागावतील, तू तर गेले कित्येक आठवडे रोज ते रागावणं मनातल्या मनात ऐकतेयस.

तुझी अडलेली जागा बहुतेक त्या रेकॉर्डिंग कागदावर उतरवण्यात आहे. ते काम चिकट असतं, एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास सहज जातात आणि हे आधी कुणी सांगत नाही, मग एका बैठकीत झालं नाही की वाटतं आपल्यालाच जमत नाही. गाडीत उभ्याने लिहिणं होणार नाही, पण ऐकणं होईल. एकदा नुसतं ऐक, आणि जिथे आजी काहीतरी असं बोलल्या की तुझे कान टवकारले त्या वेळेचा आकडा फोनमध्ये टाकून ठेव. घरी आल्यावर आधी तेवढेच तुकडे शब्दशः उतरव. सगळी मुलाखत नंतर.

फेब्रुवारी लांब आहे असं मात्र समजू नकोस. कॅनडात १९९४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की किती दिवस लागतील, सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, तर म्हणाले ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला. म्हणून तुझ्या मनात जी तारीख असेल ती दीडपट लांब धर आणि मॅडमकडून प्रत्येक चॅप्टरची वेगळी तारीख मागून घे. आपण स्वतःला दिलेली तारीख आपणच पुढे ढकलतो, दुसऱ्याने दिलेली ढकलताना जड जातं.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे. सगळे पोमोडोरो सांगतात, २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ब्रेक. मला जमत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?
– कोल्हापूर

उत्तर : नाही, काही कमी नाहीये. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः कॉलेजात असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून हे सुरू केलं. त्याला २५ मिनिटं बरी वाटली, तुला वाटलीच पाहिजेत असं नाही. पाठांतर, नोट्स वाचणं याला ठीक आहे. पण फिजिक्सचं डेरिव्हेशन चाललंय, आत्ता कुठे धागा लागलाय आणि तेवढ्यात घंटा वाजली तर उठू नकोस, ते संपव. सुरुवातच होत नसेल त्या दिवशी मात्र २५ सुद्धा लावू नकोस, दहाच लाव. आणि त्या पाच मिनिटांच्या ब्रेकमध्ये फोन घेतलास तर ती पाच राहत नाहीत हे तुलाही माहितीये. पाणी पी, गच्चीत जाऊन ये.

प्रश्न : माझा मुलगा एफ.वाय.बी.कॉम.ला आहे, सोबत सीए फाउंडेशनचा क्लास लावलाय. दिवसभर झोपतो, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाईल. क्लासला दांड्या मारतो. बोललं की खोलीचं दार लावून घेतो. मोबाईल काढून घेऊ का? हे म्हणतात तूच लाडावून ठेवलंस.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मोबाईल काढून घेतलात तर तो अभ्यासाला बसेल असं मला वाटत नाही. तो दाराकडे तोंड करून बसेल आणि तुमच्याशी बोलायचा उरलासुरला रस्ता पण बंद होईल. अठरा वर्षांच्या मुलाचा फोन हिसकावून घेणं तसंही शोभत नाही. लाडाचं म्हणाल तर घरात कुणाचं चुकलं हे ठरवत बसलात की मुलगा बाजूलाच राहतो, तो वाद तुम्ही दोघं तूर्त सोडा.

मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त काळजी वाटतेय. दिवसा झोपणं, दार लावून घेणं हे नेहमीच चालढकलीतून येत नाही. त्याचं जेवण कमी झालंय का? पूर्वी ज्यात रमायचा, क्रिकेट असेल, मित्र असतील, ते पण सुटलंय का? 'माझा काय उपयोग' असं काही बोलतो का? यातलं काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल तर हा अभ्यासाचा विषय नाहीये, मनाच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः पण फोन करून विचारू शकता की अशा वेळी काय करावं. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल तो काही बोलला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्याला एकटं ठेवू नका.

तसं काही नसेल, तर सीए कुणी ठरवलं हे एकदा शांतपणे आठवून बघा. त्याने ठरवलं की तुम्ही? तुम्ही ठरवलं असेल तर तो अभ्यास टाळत नसेल, तुम्हाला 'नको' म्हणणं टाळत असेल. कितीतरी मुलं तोंडाने नाही म्हणू शकत नाहीत म्हणून दांड्या मारून नाही म्हणतात. आणि त्यानेच ठरवलं असेल तर क्लासमध्ये कुठलातरी विषय डोक्यावरून जात असणार, कॉमर्स न घेता आलेल्या मुलांचं अकाउंट्समध्ये सुरुवातीलाच असं होतं, डेबिट-क्रेडिटचं गणित बसत नाही आणि पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं.

पण हे त्याला लगेच विचारू नका. आज संध्याकाळी दोन कप चहा घेऊन त्याच्या खोलीत जा आणि अभ्यास, क्लास, मोबाईल यातलं काहीही न काढता नुसत्या बसा. पहिल्या दिवशी तो बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. तरी रोज जा. तो जे काही पहिल्यांदा बोलेल, क्लासबद्दल असो नाहीतर मॅचबद्दल, मध्ये न तोडता ऐका, आणि काय बोलला ते मला लिहून पाठवा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.